‘एसटीवाले उभे राहा’: खान्देशातल्या वर्गशिक्षकांना खुले पत्र

प्रति,
धुळे, जळगाव आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या शाळांचे मुख्याध्यापक, वर्गशिक्षक आणि आश्रमशाळांचे अधीक्षक

स. न. वि. वि.

धुळे जिल्ह्यात मी ३१ वर्षं गणित शिकवलं. आता घरी असतो, नातवाच्या वहीत डोकावतो आणि सूनबाईची बोलणी खातो. शाळेचं नाव लिहीत नाही. जे सांगायचंय ते एका शाळेपुरतं नाही, आणि त्यातली चूक शाळेची कमी, माझीच जास्त आहे.

ऑगस्टचा महिना तुम्हाला सांगायला नको. शिष्यवृत्तीचे फॉर्म, जातीचे दाखले, उत्पन्नाचे दाखले, बँकेची पासबुकं. शिपाई परिपत्रक घेऊन दारात उभा राहायचा, “सर, आजच्या आज आकडे पाहिजेत.” मी खडू खाली ठेवायचो आणि म्हणायचो, “एसटीवाले उभे राहा.” मोजायचो. “बसा. एससीवाले. बसा. आता एनटी.” मागच्या बाकावरून दरवर्षी कुणीतरी तोच विनोद करायचं, “सर, एसटी सुटली!” वर्ग हसायचा. खोटं कशाला बोलू, एकदोनदा मीही हसलोय. पाच मिनिटांचं काम असायचं. ते उरकलं की घटक चाचणीचे पेपर वाटायचो.

सातवीत एक मुलगा होता, शिरपूरच्या वरच्या अंगाचा. दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला गेले की आजीजवळ राहायचा. बाजाराच्या दिवशी आजीच्या भाजीच्या पाटीशेजारी बसलेला मी त्याला कितीदा तरी पाहिलंय. सव्वादोन किलो वांगी, पाव किलो मिरची, वर कोथिंबिरीची जुडी; गिऱ्हाइकानं पिशवी उघडायच्या आत हिशेब तयार. त्याच पोरानं टक्केवारी आणि नफा-तोट्याच्या पेपरात पहिली दोन गणितं बरोबर सोडवली आणि बाकीचा कागद कोरा दिला. मी लाल शाईनं लिहिलं, ‘सराव कमी’. बोलावून विचारलं, तर खाली मान घालून म्हणाला, “सर, काही सुचनंच नही.”

मी ते आळसाच्या खात्यावर टाकलं. त्या दिवशी पेपर वाटायच्या आधी तो माझ्या सांगण्यावरून उभा राहिला होता, वर्ग हसला होता, हे दोन आकडे शेजारीशेजारी मांडावेत असं तेव्हा डोक्यातही आलं नाही. एका पोराच्या एका पेपरावरून काही सिद्ध होत नाही, एवढं गणिताच्या मास्तराला कळतं. ‘सुचनंच नही’ हे शब्द मात्र राहिले, कारण ते मी स्वतः एकदा अनुभवलेले होते.

बी.एड.ला मी पुण्याला होतो. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी गाव विचारलं. सांगितलं. “अरे वा, खान्देश! मग थोडं अहिराणी बोला की.” माणूस सज्जन होता, मला मोकळं करायला म्हणाला असणार. शेजारचे दोघं हसले. मग प्रश्न आला, समलंब चौकोनाचं क्षेत्रफळ कसं शिकवाल? आता आमच्या बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो. शाळेची शाया, डोळ्याचा डोया, काळ्याचा काया. पुढची दहा मिनिटं मी ‘क्षेत्रफळ’ या शब्दाचा ‘ळ’ सांभाळत होतो. ओठांबाहेर पडायच्या आधी प्रत्येक शब्द तपासून सोडत होतो. ‘ळ’ एकदाही घसरला नाही. सिद्धता मात्र अर्ध्यातच हरवली, आणि ती मला झोपेतसुद्धा येत होती.

काय झालं ते आपल्याच भाषेत सांगतो. बेरीज करताना आपण हातचा ठेवतो. तो ठेवायला डोक्यात एक छोटी जागा असते. तिच्यात एका वेळी दोनचार गोष्टींहून जास्त मावत नाही. मानसशास्त्रवाले तिला कार्यकारी स्मृती म्हणतात. नफा-तोट्याचं गणित, उताऱ्यावरचा प्रश्न, बुद्धिमत्ता चाचणीतली आकृत्यांची साखळी, सगळं त्याच जागेत चालतं. त्या जागेत ‘हे आपल्याला काय समजत असतील’ हा विचार येऊन बसला की हातचा ठेवायला जागा उरत नाही. टोनी श्मेडर आणि मायकेल जॉन्स या दोघांनी २००३ साली प्रयोगातून हेच दाखवलं होतं: आपल्या गटाबद्दलच्या वाईट समजाची आठवण करून दिली की या स्मृतीची क्षमता कमी भरते आणि मागोमाग गुणही कमी पडतात. पाठांतराला याचा धक्का कमी बसतो. अमेरिकेतल्या रॉय बाउमाइस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली काही विद्यार्थ्यांना, पुढे आयुष्यात तुम्ही एकटे पडाल, असं खोटंच भाकीत सांगितलं. त्यानंतर साधं पाठ केलेलं त्यांना आठवत होतं, पण तर्क लावायच्या प्रश्नांत ते घसरले. आपल्या वर्गात पाढे घडाघडा म्हणणारं आणि शाब्दिक उदाहरणात अडणारं पोर दिसलं की हे आठवा.

आता मूळ मुद्द्याचा प्रयोग, आणि हा आपल्याच देशातला आहे. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या दोन अर्थतज्ज्ञांनी तो उत्तर प्रदेशातल्या खेड्यांमध्ये केला; २००४ साली जागतिक बँकेच्या शोधनिबंधात आणि पुढे २००६ मध्ये तो छापून आला. सहावी-सातवीची मुलं, ३२१ वरच्या मानल्या गेलेल्या जातींची आणि ३२१ खालच्या मानल्या गेलेल्या जातींची. काम काय, तर कागदावरचे भूलभुलैये सोडवायचे, आणि सुटेल तेवढ्याचे पैसे मिळायचे. जात कुणी पुकारली नाही तेव्हा दोन्हीकडच्या मुलांनी जवळपास सारख्याच संख्येनं कोडी सोडवली. दुसऱ्या काही गटांत सुरुवातीलाच प्रत्येकाचं नाव, बापाचं नाव, गाव आणि जात सगळ्यांसमोर वाचून दाखवली. मुलानं फक्त होकारार्थी मान हलवायची. एवढ्यानंच दलित मुलांची कामगिरी सुमारे पाचव्या हिश्शानं उतरली.

मुलं तीच होती, कोडी तीच, पेन्सिली त्याच. फरक एका पुकाऱ्याचा.

हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ अंगणात बसून राहिलो. ‘उभे राहा, मोजतो’ या माझ्या पाच मिनिटांत आणि त्या पुकाऱ्यात काय फरक होता? असलाच तर एवढा, की त्यांनी मान हलवायला सांगितली आणि मी उभं केलं.

त्याच प्रयोगातल्या आणखी दोन गोष्टी आपल्यासाठी फार कामाच्या आहेत. बक्षीस कुणाला हे जेव्हा सोडतीवर टाकलं, म्हणजे चिठ्ठी काढून ठरवायचं केलं, तेव्हा जात पुकारूनही दोन गटांतला फरक नाहीसा झाला. याचा अर्थ लेखिकांनी असा लावला की पोरांना धास्ती होती ती माणसाच्या न्यायाची. समोरचा आपल्याला बरोबर मोजणार नाही, असं वाटलं की पोर जीव तोडून कशाला करेल? चिठ्ठी जात बघत नाही. पोरांसमोरचे परीक्षक आपणच आहोत, हे विसरू नका. दुसरी गोष्ट: जातीजातींचे वेगळे गट करून बसवलं, तेव्हा वरच्या जातींच्या मुलांचंही काम खालावलं. ‘अ’ तुकडी, ‘ब’ तुकडी, ‘हुशार मुलांची रांग’ असले प्रकार चालवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. तुकड्या गुणांवर पाडल्या असं आपण म्हणतो, पण वर्गाच्या दारात उभं राहून एकदा बघा, कुठल्या तुकडीत कुठल्या वस्तीची पोरं बसलीत.

अमेरिकेत याची सुरुवात जुनी आहे. स्टॅनफर्डमधल्या क्लॉड स्टील आणि जोशुआ ॲरनसन यांनी १९९५ साली कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना अवघड प्रश्न दिले. ‘ही तुमच्या बुद्धीची परीक्षा आहे’ असं सांगितलं तेव्हा ते मागे पडले, ‘प्रश्न कसे सोडवतात ते पाहतोय’ असं सांगितलं तेव्हा अंतर बरंच कमी झालं. एका प्रयोगात तर पेपराआधी फक्त ‘तुमचा वंश कोणता’ एवढा रकाना भरून घेतला, तरी परिणाम दिसला.

यावर माझा एक जुना सहकारी, विज्ञानाचा, लगेच म्हणेल की हे सगळं पुढे टिकलं नाही. त्याचं अर्धं खरं आहे, म्हणून मीच सांगून टाकतो. नेदरलँड्समध्ये दोन हजारांहून अधिक शाळकरी मुलामुलींवर ‘मुलींना गणित कमी येतं’ या समजाचा असाच प्रयोग झाला. २०१८ साली निकाल आला. मुलींच्या गुणांवर काही परिणाम दिसला नाही. सुरुवातीचे बरेच प्रयोग लहान होते, आणि परिणाम न दिसलेले प्रयोग सहसा कुणी छापत नाही. तेव्हा ‘जात पुकारली की वीस टक्के जातातच’ असं सूत्र करून फळ्यावर लिहू नका. पण डच वर्गातली मुलगी आणि आपल्या वर्गात हसू झेललेला भिल्लाचा किंवा पावऱ्याचा पोरगा, यांची धास्ती एका वजनाची नाही. आणि समजा परिणाम शून्य निघाला, तरी पोरांना उभं करून मोजायचं कारण काय? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास, दोन्हींना मनाई आहे. छडी आपण बऱ्यापैकी सोडली. हे राहिलं.

“मग आरक्षण, शिष्यवृत्ती बंद करायची का? जात विचारायचीच नाही का?” हा प्रश्न स्टाफरूममध्ये हमखास येतो, आणि विचारणाऱ्याचा सूर बहुधा तुम्ही ओळखता. विचारायची, जरूर विचारायची. सुवर्णमहोत्सवी आदिवासी शिष्यवृत्ती असो की सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती, एकाही पोराचा एक रुपया बुडता कामा नये. पण जात जनरल रजिस्टरमध्ये दाखल्याच्या दिवसापासून लिहिलेली आहे, आणि ऑनलाइन पोर्टलवरही चढवलेली आहे. आकडे तिथून काढता येतात. वर्गाला उभं करायचं एकच कारण होतं: रजिस्टर उघडायचा माझा कंटाळा.

“अहो, पण भारूड साहेब झाले ना कलेक्टर!” हेही ऐकलंय. साक्री तालुक्यातल्या सामोड्याच्या भिल्ल घरातून येऊन डॉ. राजेंद्र भारूड नंदुरबारचे जिल्हाधिकारी झाले, त्याचा मला तुमच्याएवढाच अभिमान आहे. मात्र एक पोहणारा पैलतीराला लागला म्हणून तापीवर पूल नको, असं कुणी म्हणत नाही.

बोलीचं तर विचारूच नका. जनगणनेनुसार २०११ साली नंदुरबार जिल्ह्यातले दोन तृतीयांशाहून जास्त लोक अनुसूचित जमातीचे होते. भिली, पावरी, मावची बोलत पोर पहिलीत येतं. धुळ्याकडचं अहिराणी घेऊन येतं, रावेर-यावलचं लेवा गणबोली, तांड्यावरचं बंजारा. आणि वर्गात पहिला धडा कोणता, तर ‘नीट बोल’. लिहायला न शिकलेल्या कवयित्री बहिणाबाईंच्या नावानं आपलं जळगावचं विद्यापीठ चालतं. आणि त्यांच्यासारखं बोलून एखाद्या पोरीनं उत्तर दिलं की त्याच जिल्ह्यातला वर्ग खिदळतो. उत्तर बरोबर होतं का, हे कुणी ऐकलंच नाही. मी स्वतः ‘ळ’ सांभाळून सिद्धता घालवलेला माणूस, तरी ३१ वर्षांत किती पोरांचा ‘ळ’ आधी सुधारला आणि गणित नंतर बघितलं, त्याचा हिशेब माझ्याकडे नाही.

आता कुणी म्हणेल, मग जातपात, बोली, सगळं विसरायला लावा, ‘आपण सारे एक’ म्हणा. तसं मला म्हणायचं नाही. कानबाईच्या रोटांच्या सणाला घरी गेलेलं पोर, सातपुड्यातल्या होळीला ढोल वाजवून रात्रभर नाचलेलं पोर जे बळ घेऊन परत येतं, ते मी पाहिलंय. गट माणसाला खाली ओढतोच असं नाही. तो आपल्यावर कुणी चिकटवला की ओझं होतो, आपण त्यात शिरून काही केलं की आधार होतो. याचं मला ठाऊक असलेलं सगळ्यात चांगलं उदाहरण गणिताच्याच वर्गातलं आहे.

१९७०च्या दशकात बर्कली विद्यापीठात युरी ट्राइसमन नावाचे एक तरुण गणितवाले होते. कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी का नापास होतात, असं त्यांनी सहकाऱ्यांना विचारलं. उत्तरं आपल्या स्टाफरूममधलीच: इच्छा नाही, पाया कच्चा, घरून लक्ष नाही, गरिबी. ट्राइसमन मुलांच्या मागे मागे राहिले, त्यांच्या खोल्यांपर्यंत गेले. वीस कृष्णवर्णीय आणि वीस चिनी वंशाच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास कसा चालतो ते पाहिलं. सांगितलेलं एकही कारण लागू पडेना. कृष्णवर्णीय विद्यार्थी तासन्‌तास अभ्यास करत होते, पण एकटे, दार लावून. चिनी वंशाची मुलं जेवतानाही एकमेकांची गणितं तपासत होती, चूक काढत होती, हसत होती. मग ट्राइसमननी मुलांना एकत्र बसवलं. आणि इथे खरी मेख आहे: त्यांना सोपी उजळणी न देता वर्गापेक्षा अवघड गणितं दिली. कच्च्या मुलांचा वर्ग म्हणून नाव दिलं नाही, मानाचं काम म्हणून दिलं. त्या वर्गातली मुलं कॅल्क्युलसमध्ये चांगली उतरली आणि पुढे इतर विद्यापीठांनी ती पद्धत उचलली.

आपण काय करतो? ‘अप्रगत विद्यार्थ्यांसाठी जादा तास’ अशी पाटी लावून शाळा सुटल्यावर त्यांना थांबवतो. बाकीची पोरं सायकली काढताना खिडकीतून बघत जातात.

शेवटच्या चार वर्षांत मी एक केलं. शनिवारी शाळा सुटल्यावर लिंबाखाली सातआठ जण बसायचे. कुठल्या वस्तीचे, किती मार्कांचे, ते मी बघितलं नाही. ज्याला अवघड गणित सोडवायची खाज आहे त्यानं यावं. एनएमएमएस या आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेतल्या बौद्धिक क्षमता चाचणीचे प्रश्न घ्यायचो, त्यात नव्वद प्रश्नांना नव्वद मिनिटं मिळतात. अहिराणीत भांडायची पूर्ण परवानगी. ‘तुन्हं चुकनं’ आणि ‘तुन्हंच चुकनं’ यावर अर्धा तास जायचा. चमत्कार काही झाला नाही. दोघं शिष्यवृत्तीत आली, बाकीची नाही आली. पण कोरा कागद देणं थांबलं. चुकीचं का असेना, लिहायला लागली. मला ते पुरेसं वाटलं, तुम्हाला वाटेल की नाही माहीत नाही.

साने गुरुजींचं नाव घेतल्याशिवाय आपल्याकडे शिक्षणावरचं पत्र संपत नाही, तर घेतो. अमळनेरच्या छात्रालयात ते मुलांचे कपडे धुवायचे, खोल्या झाडायचे, हे सांगताना आपला गळा दाटून येतो आणि टाळ्या पडतात. भाषण करणं सोपं. ‘तुम्ही आमचेच आहात’ असं पोरांना सांगण्याचे प्रयोगही अमेरिकेत पुष्कळ झाले. ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांनी २०११ साली दाखवलं की तासाभराच्या अशा एका सत्रानं कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण पुढची तीन वर्षं सुधारले. मग २०२३ साली २२ महाविद्यालयांतल्या जवळपास २७ हजार विद्यार्थ्यांवर तेच मोठ्या प्रमाणात करून पाहिलं. फायदा निघाला, पण थोडा, आणि तोही जिथे त्या मुलांना खरोखर आपलंसं वाटायला जागा होती तिथेच. जिथे जागाच नव्हती तिथे गोड शब्द वाया गेले. आश्रमशाळेच्या भिंतीवर सुविचार रंगवणाऱ्या अधीक्षकांनी हे दोनदा वाचावं ही विनंती. भिंतीपेक्षा, जेवणाच्या पंगतीत पोरांना नावानं हाक मारता की गावाच्या, पाड्याच्या नावानं, ते बघा. आणि आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयामार्फत नामांकित इंग्रजी शाळांत गेलेल्या मुलांना जर तिथे कुणी ‘प्रकल्पाची पोरं’ म्हणून हाक मारत असेल, तर फी भरून आपण त्यांना वर्गाच्या उंबऱ्यापर्यंतच पोचवलंय.

मागणं मोठं नाही. येत्या ऑगस्टमध्ये फॉर्मचे आकडे वर्गात मोजू नका. रजिस्टरवरून काढा, काही कमी असेल तर पालकांना ऑफिसात बोलवा, नाहीतर पोराला एकट्याला व्हरांड्यात घ्या. परीक्षेच्या दिवशी तर जातीचा शब्द वर्गात नकोच, दाखला अपुरा असला तरी दुसऱ्या दिवशी मागा. उत्तरपत्रिका तपासताना नाव झाकता येत असेल तर झाका, निदान आसन क्रमांकाकडे आधी बघा. पोरांना ते कळतं आणि त्या सोडतीच्या चिठ्ठीसारखा त्यांचा विश्वास बसतो. जादा तासाची पाटी काढा. मुख्याध्यापकांना एकच, परिपत्रक आलं की ‘आजच्या आज’ म्हणून वर्गात पाठवू नका. खालच्या माणसाला घाई लावली की तो सोपा रस्ता काढतो. मीही काढला होता.

तो मुलगा आता कुठे आहे, मला ठाऊक नाही. दहावीला तो आमच्याकडे नव्हता.

आणि फॉर्म भरायला माणूस कमी पडत असेल, तर मला बोलवा. सकाळची शिरपूर गाडी माझ्या घराजवळच थांबते. चष्मा लावला की जनरल रजिस्टरचं बारीक अक्षर अजून वाचता येतं. मानधन नको, चहा लागेल, तोही कमी साखरेचा.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक
धुळे